दिवाणची शेपटी

"दस्तू, तुझा केस ह्या खेपेला पण हरला बघ," असं म्हणत सत्यव्वानं डोक्यावरची ताकाची घागर खाली ठेवली आन् उजवा पाय उचलून माझ्या टांग्याच्या पायदानावर दिला.

चाळीस वर्षं झाली ह्याला. मिरज स्टेशनासमोर तवा टांग्यांचा अड्डा होता. सकाळची गाडी येऊन गेलेली, दवाखान्याची गिऱ्हाइकं बसून गेलेली. राहिलेले आम्ही सहा-सातजण घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधून बिड्या ओढत बसलेलो. चैत्राचं ऊन. माशा एवढ्या, की बोलायला तोंड उघडावं तर एखादी आत.

पायाचा आन् केसाचा काय संबंध ते आधी सांगतो, न्हाईतर म्हणाल म्हातारा भरकटला.

आमच्याकडं अंगावर चामखीळ उठली की तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा. चामखिळीला देठ असतो. त्या देठाला दोन वेढे, वर गाठ, आन् दर तिसऱ्या दिवशी जरा आवळायचं. रक्त तुटतं, चामखीळ वाळून मनुक्यागत होती आन् एक दिवस आंघोळ करताना गळून जाती. पण केस घोड्याचा पाहिजे, घोडीचा न्हाई. घोडीचा मुतानं भिजून भिजून कमजोर पडतो. आन् अड्ड्यात घोडा एकच, माझा दिवाण. काळाभोर. शेपटी खुरापतोर. चालायला लागला की वाटायचं, एखादी बाई केस मोकळं सोडून चाललीया.

तर दिवाणचा केस आन् दस्तगीर मुलाण्याचा हात, ह्याचं लांबलांबपर्यंत नाव. मोबदला काय, तर मूठभर भिजलेलं हरभरं आणायचं आन् दिवाणला आपल्या हातानं चारायचं. बेळगावापासनं माणसं यायची. एकदा एक मामलेदार आला, चामखीळ नाकाच्या शेंड्यावर. मी अड्ड्यात सगळ्यांच्या म्होरं त्याच्या नाकाला केस बांधला, आन् तो आठ दिवस नाकावर गाठ घिऊन कचेरीत बसला. मी शाळा दुसरीतनं सोडलेली, पण मामलेदार माझ्याम्होरं नाक करून बसायचा. असला रुबाब.

सत्यव्वा मालगावाकडची, ताक विकायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ न्हाई, दिराच्या घरात एक खोली आन् स्वतःच्या दोन म्हशी. पन्नाशीची बाई. चपलेशी जन्माचं वैर, अनवाणी चालत यायची. ताक घट्ट आन् तोंड तिखट. तिला येताना बघून रेल्वेचा शिपाई वाट बदलायचा. पण रोजचा पहिला पेला मला आन् दुसरा दिवाणला. घोडं ताक पितं का, तर तिच्या हातनं प्यायचं.

त्या बाईच्या तळपायाला, अंगठ्याखाली मऊ गादी असती बघा, तिथं काळं उठलं होतं. माघात पहिल्यांदा दाखवलं तवा म्हणाली, "काटा मोडलाय न्हाईतर कुरूप झालंय." मी बघितलं. कुरूप पिवळं असतं, टणक असतं. हे काळं, शाईचा थेंब सांडल्यागत, मधी बारका उंचवटा. आन् देठ न्हाई. त्याच वक्ताला मी बोलायला पाहिजे होतं. पण अख्खा अड्डा बघत होता. शेजारच्या टांग्यावरचा नाना वाघमोडे तर मान लांब करून बघत होता. दिवाणच्या केसाला न्हाई म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मी तो उंचवटा चिमटीत धरला, वर ओढला आन् बांधला केस.

पहिला केस चालता चालता तुटला. दुसरा बांधला तर रक्त आलं. रक्त आलं म्हणजे गुण येतोय, असं मीच तिला सांगितलं. आन् आज ती तिसऱ्यांदा आली होती.

मी पाय मांडीवर घेतला आन् ओल्या फडक्यानं धूळ पुसली.

ते वाढलं होतं. चांगलं चार आण्याच्या नाण्याएवढं. कड वाकडीतिकडी, गावाच्या नकाशागत. एका बाजूनं काळंकुट्ट, दुसरीकडं गंजल्यागत, मधी मी केस आवळलेला तिथं ओलं, लाल. आन् कडेपासनं दोन बोटं सोडून आणखी एक ठिपका, मोहरीएवढा.

"काय रं, पाय बघतोस का पंचांग बघतोस?" सत्यव्वा म्हणाली. "बांध की. ताक तापाय लागलंय माझं."

तेवढ्यात दिवाणनं माशी हाणायला शेपटी झाडली, ती फाडकन माझ्या तोंडावर बसली. आन् मला मोतन आठवली.

मोतन माझ्या अब्बांची घोडी. पांढरीशुभ्र. पांढऱ्या घोड्यांना वय झालं की शेपटीखाली काळ्या गाठी येतात. घोडेवाल्यांना हे ठाऊक असतं, कारण साज चढवताना रोज शेपटी उचलावी लागती. मोतनला एक गाठ आली, जांभळाएवढी. अब्बांनी तिच्याच शेपटीचा केस उपटून तिलाच बांधला. गाठ फुटली. काळं पाणी आलं. जखम काय भरली न्हाई, आन् शेजारी दुसरी उठली, मग तिसरी. शेवटी घोड्यांचा वैद्य आणला, सालोत्री म्हणायचे त्याला. त्यानं शेपटी उचलली, बघितली, आन् तो अब्बांना म्हणाला, "मियाँ, चामखीळ वर बसलेली असती. हे आतनं आलंय. वरचा पाला ओरबाडून मूळ मरतं व्हय?" वर्षाच्या आत मोतन गेली.

मी सात वर्षांचा होतो. शेपटी धरून मीच उभा होतो तवा. म्हणजे हे मला ठाऊक होतं. माघापासनं ठाऊक होतं आन् मी केस बांधत बसलो होतो.

"आक्का," मी म्हणालो, "हे मी बांधणार न्हाई."

"का? हरभरं कमी पडलं?"

"टांग्यात बस. दवाखान्यात जाऊ. आत्ताच्या आत्ता."

सत्यव्वानं पाय खाली घेतला. "काय म्हणलास?"

"ही चामखीळ न्हाई."

"माघात होती, फाल्गुनात होती, आन् चैत्रात न्हाई व्हय? पाडव्याला नाव बदललं का काय तिचं?"

"माघात पण नव्हती. मी चुकलो."

नाना वाघमोडे बिडी फेकून जवळ आला. "दस्तू, हात गेला म्हण की सरळ. त्यात काय लाज? गुण काय जन्मभर टिकतो व्हय?"

"नाना, तू तुझ्या घोडीचा लगाम बघ."

एवढ्यात तिचा दीर, भीमाप्पा, सायकलला दुधाचे कॅन अडकवून आला. दवाखाना हा शब्द कानावर पडला आन् त्यानं सायकल आडवी लावली. "कसला दवाखाना? वैनी, मी काय म्हणलो तुला? आमुशाला त्या बुवाकडं जाऊ. चुना आन् पापडखार लावतो, जाळून काढतो, मोकळं."

"जाळू नका," मी म्हणालो. "बांधू नका, कापू नका, जाळू नका. हात लावू नका त्याला."

"मग दवाखान्यात काय ओवाळतात?" सत्यव्वा उसळली. "आमच्या गल्लीतली तानूबाई. बोट दाखवाय गेली, गुडघ्यापातुर पाय ठिवून आली!"

"तानूबाईला साखर होती, आक्का."

"मला काय माहीत कुणाला काय होतं! गेली दोन पायांवर, आली एका पायावर, एवढं मी बघितलं."

आन् नेमका तवाच एक कापडाचा शेट आला. मानेवर देठाची चामखीळ, मुठीत हरभरं. "दस्तगीर, जरा एक केस," म्हणाला. आन् बघा माणसाची सवय. तोंडानं मी बाईशी भांडत होतो, आन् हात आपोआप दिवाणच्या शेपटीकडं गेला.

सत्यव्वानं ते बघितलं. आवाज एकदम खाली आला तिचा. "त्यांना बांधतोस," ती म्हणाली. "आन् मला कापायला धाडतोस. का रं दस्तू? ते शेट आन् मी ताकवाली म्हणून?"

तिला माझ्यावर भरवसा होता म्हणून ती तिसऱ्यांदा आली होती. तिला फरक कसा सांगायचा? शेटची चामखीळ वेगळी, तुझं काळं वेगळं. तिला ती नुसती सबब वाटली असती. जोपर्यंत ती शेपटी तिथं लोंबत होती, तोपर्यंत ती माझ्याकडंच येणार होती. मी न्हाई बांधला तर घरी जाऊन स्वतः बांधणार होती.

मी टांग्याच्या पाटाखालनं गवताचा विळा काढला.

माणसं मागं सरली. भीमाप्पा सायकलीच्या आड झाला. मी दिवाणच्या मागं गेलो, शेपटीचं हाड हातानं चाचपलं, त्याच्या खाली चार बोटं सोडली, केसांचा झुबका मुठीत धरला आन् विळा लावला. एका झटक्यात होत न्हाई ते. घोड्याचा केस चिवट. पाच-सहा वेळा ओढावा लागला. दिवाणनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, पण लाथ मारली न्हाई. अब्बा म्हणायचे, घोड्याची शेपटी म्हणजे घोडेवाल्याची दाढी. ती मी भर अड्ड्यात उतरवली.

"घे," मी म्हणालो. "आता कुणालाच न्हाई. मामलेदाराला न्हाई, शेटला न्हाई, तुला न्हाई. संपलं."

आन् मग नाना ओरडला, "अरं बघताय काय, गोळा करा की!"

तुम्हाला सांगतो, सगळा अड्डा गुडघ्यावर आला. मुठीतनं निसटून जे केस खाली पडले होते ते लोक लाह्या येचल्यागत येचाय लागले. शेट धोतर सावरत खाली बसला. भीमाप्पा खिशात कोंबत होता. माझं टाळकं सरकलं. हातातला झुबका घेतला, खालचं जेवढं हाताला लागलं तेवढं ओढून घेतलं, आन् समोरच्या चहावाल्याच्या भट्टीत नेऊन घातलं. असा धूर उठला, असा वास सुटला, की गिऱ्हाइकं कप टाकून पळाली.

"मुडद्या!" चहावाला बोंबलला. "भट्टी हाय का मसणवटा ही?"

सत्यव्वा ह्यातलं काही बघतच नव्हती. ती दिवाणकडं बघत होती. त्याच्या पुठ्ठ्यावर माशी बसली होती. त्यानं सवयीनं शेपटी झाडली. बुडखा नुसता हलला. माशी तिथंच. त्यानं पुन्हा झाडली. दुसरी येऊन बसली. त्याला कळंना, की हे काय झालं.

सत्यव्वानं पदराच्या टोकानं माशा हाकलल्या. मग पदर खोचला आन् टांग्यात चढून बसली.

"जोड," ती म्हणाली.

भीमाप्पा धावत आला. "वैनी, खाली उतर! पाय कापला तर म्हशी कोण बघणार? पांगळीला कोण पोसणार जन्मभर?"

"मला पोसलंस कवा तू? माझ्या म्हशीचं शेण तुझ्या चुलीत जळतंय, आन् हा मला पोसतोय! ती घागर घरी न्हे. सांडलास तर याद राख." टांगा हलला तशी ती मागं वळून ओरडली, "आन् खिशातलं केस काढून टाक!"

दवाखान्यात एक तरणी डॉक्टरीणबाई होती. तिनं भिंग लावून पाय बघितला, बराच वेळ बघितला. जांघेत गाठ लागती का ते दाबून बघितलं. मग विचारलं, "हे बांधलं कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"टांगेवाला."

मला वाटलं आता शिव्या बसणार. पण ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "हे बघा काका, देठाची मऊ चामखीळ अंगावर राहिली तरी काही बिघडत नाही. नको असेल तर इथं दोन मिनिटांत काढतो. पण तळपायाला, तळहाताला, नखाखाली काळं आलं, वाढायला लागलं, कड वाकडी झाली, रंग दोन-तीन दिसायला लागले, की त्याला हात लावायचा नाही. सरळ आमच्याकडं यायचं."

"माझ्या केसानं झालं का हे?"

"केसानं होत नाही."

मी श्वास सोडला.

"पण दोन महिने गेले," ती म्हणाली.

त्याच्या बदली शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बारका तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी सांगितलं, कातडीचा कॅन्सर आहे, काळा. अंगठा, शेजारचं बोट आन् खालची गादी काढावी लागंल. जांघेतल्या गाठी पण काढून बघाव्या लागतील. उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलंय असं आज तरी दिसत न्हाई. लेखी हमी कुणी देत न्हाई.

भीमाप्पा दारात उभा राहून मान हलवत होता. सत्यव्वानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. "चालता येईल?" तिनं विचारलं.

"येईल. थोडं लंगडत. आणि मावशी, चप्पल घालावी लागेल. कायमची."

ह्यावर तिनं अनवाणी पाय वर घेतला आन् त्याच्याकडं बघत बसली. पायाच्या बोटांबद्दल एवढा विचार केला नव्हता तिनं. "बोटं घ्या," शेवटी म्हणाली. "चपलेचं मग बघू."

इकडं माझी काय गत झाली ते थोडक्यात सांगतो. दिवाणला लोक बांडा, शेपूटतुटका म्हणायला लागले. लग्नाच्या वरातीला त्याला कोण बोलवंना. माशांनी त्याचं पुठ्ठं फोडलं, मी रोज कडुनिंबाचा पाला उकळून धूत होतो. हरभऱ्याची मूठ घिऊन लांबनं आलेली माणसं मला शिव्या देऊन परत जायची. एक म्हातारी म्हणाली, "देवानं हाताला गुण दिला होता, तू माजलास." मी म्हणलो, "व्हय म्हातारे, माजलो. दाखव, कुठं आलीय?" देठाची असली तर सांगायचो, राहू दे, तिचा काय तरास न्हाई. वेगळं काही दिसलं, तर टांग्यात घालायचो. निम्मी भांडत बसायची, पण बसायची.

श्रावणात एक दिवस सत्यव्वा आली. पायात चप्पल. चांभाराकडनं करून घेतलेली, पुढं चामड्याचा बोळा भरलेली. लंगडत होती, घागरीच्या जागी बारकं मडकं होतं. आन् काखेत घायपाताच्या वाखाचा एक झुबका, काठीला बांधलेला. ती दिवाणजवळ दगडावर बसली, ताक म्होरं मांडलं, आन् एका हातानं त्याच्या पुठ्ठ्यावरच्या माशा हाकलायला लागली.

"आक्का," नाना म्हणाला, "आता घोड्याची शेपटी झालीस व्हय?"

"झाले. तुझ्या घोडीची व्हायला येतंय का कुणी, बघ."

दोन वर्षं ती तिथंच बसली. सहा महिन्यांनी दवाखान्यात जायची, पाय दाखवायची, परत यायची. जांघेतल्या गाठी चांगल्या निघाल्या होत्या. तवर दिवाणचे केस हळूहळू वाढले आन् शेपटी पुन्हा गुडघ्याखाली उतरली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वरातीची बोलावणी पण यायला लागली.

आन् एक दिवस एक मोटार येऊन थांबली. पांढऱ्या कपड्यातला माणूस उतरला, मागं त्याची आई बसलेली. म्हातारीच्या नाकाशेजारी एक काळपट फोड. कड मोत्यागत चकाकणारी, मधी खपली. "कवापासनं?" मी विचारलं. "वर्ष झालं," ती म्हणाली, "खपली पडती, पुन्हा धरती."

"एक केस द्या," माणूस म्हणाला. हरभऱ्याची पिशवीच आणली होती त्यानं, मूठ न्हाई.

"ह्याला केस न्हाई. दवाखान्यात न्या."

"शेपटी तर आलीय की परत! मी ऐकलंय सगळं. तवा कापली, आता वाढवली. गिऱ्हाईक बघून देतोस व्हय? एवढा माज?"

मी तोंड उघडणार, तवर सत्यव्वा उठली. झुबका बाजूला ठेवला. उजव्या पायातली चप्पल काढली आन् तो पाय उचलून सरळ त्याच्या मोटारीच्या उघड्या दारात ठेवला. अंगठा न्हाई, बोट न्हाई, नुसती ओढून शिवलेली कातडी.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. दोन केस बांधून घेतले मी ह्याला. ह्याच घोड्याचे, ह्याच हातानं. तिसरा बांधला असता तर आज तुझ्याशी बोलाय मी नसते."

माणसानं तोंड फिरवलं. पण आतली म्हातारी पुढं वाकली. तिनं तो पाय बघितला, मग हात लावून बघितला. "दुखतंय का ग?" तिनं विचारलं.

"चप्पल दुखती," सत्यव्वा म्हणाली. "पाय न्हाई."

म्हातारी दुसऱ्या दारानं खाली उतरली आन् लेकाला काही न बोलता माझ्या टांग्याजवळ येऊन उभी राहिली. मी तिला हात देऊन वर चढवलं आन् लगाम घ्यायला वळलो, तर सत्यव्वानं पाटाखालचा विळा काढून माझ्याम्होरं धरलेला.

"आधी शेपटी काप," ती म्हणाली. "मग टांगा हाक. माशांचं मी बघते."